औषधांचा आढावा कोणत्या क्रमाने घ्यावा: प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण पाहणाऱ्या फार्मासिस्टसाठी

मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, थायरॉइड अशा वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारांत रुग्णाच्या सर्व औषधांचा आढावा घेणे हे क्लिनिकल फार्मासिस्टचे मुख्य काम आहे, आणि नेमके हेच काम अनेक ठिकाणी उलट्या क्रमाने होते. फार्मासिस्ट केसपेपर हातात घेतो, त्यावरची नावे मोबाइलच्या ॲपमध्ये टाकतो, लाल रंगात उमटलेले इशारे रुग्णाला वाचून दाखवतो आणि मग डॉक्टरांना गाठतो. रुग्णाच्या पोटात प्रत्यक्ष काय जाते हे या सगळ्यात कोणी विचारलेलेच नसते. केसपेपरवर दोन औषधे असतात आणि घरातल्या डब्यात सात.

पुढील क्रम महाराष्ट्रातील प्राथमिक आरोग्य केंद्र, आयुष्मान आरोग्य मंदिर किंवा तालुक्याच्या गावातील छोटा दवाखाना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. औषध निर्माण अधिकारी म्हणून काम करणाऱ्यांना तो जसाच्या तसा वापरता येईल. ब्रिटनमध्ये जादा पात्रता मिळवलेले फार्मासिस्ट स्वतः औषध लिहून देऊ शकतात. आपल्याकडे तसा अधिकार नाही. त्यामुळे परदेशी प्रशिक्षणाच्या चित्रफिती पाहून तिथली पद्धत इथे उचलू नये. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ नुसार रुग्णाचे समुपदेशन करणे आपल्या कामाचाच भाग आहे, मात्र औषध सुरू करणे, बंद करणे आणि डोस बदलणे हा निर्णय डॉक्टरांचाच आहे.

तयारी: रुग्ण समोर येण्यापूर्वी

पहिली तयारी डॉक्टरांशी बोलण्याची आहे. आढाव्यात काही आढळले तर ते डॉक्टरांना केव्हा आणि कसे सांगायचे, तातडीची बाब कोणती आणि दुपारपर्यंत थांबू शकणारी कोणती, हे काम सुरू करण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. ओपीडीत साठ रुग्ण ताटकळत असताना दारातून डोकावून सांगितलेली गोष्ट डॉक्टरांच्या कानावर पडते, पण मनात राहत नाही.

दुसरी तयारी जागेची. औषध देण्याच्या खिडकीतून आढावा होत नाही. एक टेबल, दोन खुर्च्या, सोबत आलेल्या सुनेला किंवा मुलाला बसायला तिसरी खुर्ची आणि मागच्या रांगेला बोलणे ऐकू जाणार नाही एवढे अंतर लागते. पहिल्या भेटीला वीस ते तीस मिनिटे धरावीत. एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) क्लिनिकच्या दिवशी सर्वांचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला तर कोणाचाच नीट होत नाही. तीन किंवा चार रुग्ण पुरेत.

हे तीन-चार कोण, हे पुढील खुणांवरून ठरवावे: पाच किंवा अधिक औषधे चालू असलेले, दोन ठिकाणच्या डॉक्टरांकडे जाणारे, इन्सुलिन घेणारे, गेल्या महिन्यात चक्कर येऊन पडलेले किंवा दवाखान्यात भरती झालेले, आणि औषधे नियमित नेऊनही साखर किंवा रक्तदाब आटोक्यात न आलेले. या शेवटच्या गटाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. अशा रुग्णाचा डोस वाढवला जातो, पण आधीचा डोस तो घेतो का हे पाहिले जात नाही.

तिसरी तयारी निरोपाची. आशाताईंकडून किंवा फोनवरून निरोप देताना ‘औषधे घेऊन या’ एवढेच सांगितले तर रुग्ण फक्त सरकारी गोळ्या आणतो. निरोप असा द्यावा: ‘घरात असतील त्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे, पंप, इंजेक्शन, डोळ्यांचे थेंब आणि दुखण्याचे मलम एका पिशवीत घालून आणा, संपलेली पाकिटेसुद्धा आणा, आणि सकाळच्या गोळ्या रोजच्यासारख्या घेऊनच या.’ शेवटचे वाक्य गाळू नये. तपासणीला जायचे म्हणून अनेक जण सकाळची रक्तदाबाची गोळी घेत नाहीत आणि मग वाढलेला आकडा पाहून नवी गोळी सुरू होते. उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल तर साखरेच्या गोळीबाबत वेगळी सूचना द्यावी, कारण ती गोळी घेऊन उपाशी रांगेत बसणे धोक्याचे आहे.

टप्पा १: पिशवी टेबलावर रिकामी करावी

रुग्णाला आधी प्रश्न विचारू नयेत. त्याच्या परवानगीने पिशवी टेबलावर ओतावी आणि एकेक पाकीट उचलून तीनच गोष्टी विचाराव्यात: ही गोळी कशासाठी आहे, कशी घेता आणि काल कधी घेतली. ‘नियमित घेता ना?’ या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. ‘काल कधी घेतली?’ म्हटले की माणूस आठवू लागतो.

समजण्यासाठी एक नमुना घेऊ आणि शेवटपर्यंत तोच वापरू. अडुसष्ट वर्षांच्या, ४८ किलो वजनाच्या एक आजी आहेत. केसपेपरवर साखरेसाठी मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि रक्तदाबासाठी अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम एकदा, एवढेच लिहिले आहे. पिशवीतून याखेरीज पाच पाकिटे निघतात. तालुक्याच्या खासगी डॉक्टरांनी दिलेली ग्लिमेपिराइड १ आणि मेटफॉर्मिन ५०० यांची जोडगोळी, दिवसातून दोनदा. टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५ यांची रक्तदाबाची जोडगोळी, सकाळी एक. तळपायाची आग होते म्हणून प्रेगाबालिन ७५, दोनदा. पाय सुजतात म्हणून तिसऱ्याच दवाखान्यातून मिळालेली फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीची गोळी. आणि गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक.

‘आजी, ही पांढरी गोळी कशाची?’
‘ती सरकारी. शुगरची.’
‘आणि ही?’
‘ती डॉक्टरांची. ती पण शुगरचीच, पण ती भारी आहे.’

आजींच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोळ्या आहेत, कारण त्यांचे रंग वेगळे, डॉक्टर वेगळे आणि किंमतही वेगळी. दोन्हींत मेटफॉर्मिन आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. म्हणून यादी करताना ब्रँडचे नाव लिहून थांबू नये. पाकिटाच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचून प्रत्येक घटक वेगळ्या ओळीवर लिहावा आणि त्याचा दिवसाचा एकूण डोस काढावा. आजींच्या यादीत मेटफॉर्मिन दिवसाला २००० मिलिग्रॅम आणि अम्लोडिपिन १० मिलिग्रॅम होते. यातले काहीही केसपेपरवरून कळले नसते.

पाकिटे संपल्यावर, जे औषध म्हणून मोजलेच जात नाही त्याबद्दल विचारावे: पित्ताची गोळी, वाताची पुडी, जुलाबाचे चूर्ण, ताकदीचे औषध, शेजारणीने दिलेली झोपेची गोळी. वातासाठी विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळलेले आहे. एखाद्याची साखर विनाकारण वाढलेली असेल आणि चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसत असेल, तर ही शंका मनात ठेवावी.

सावधान: स्टेरॉइडची शंका असेल तर ‘आजपासून पुडी बंद करा’ असे सांगू नये. अनेक महिने घेतलेले स्टेरॉइड एकदम थांबवल्यास रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. पुडी ठेवून घ्यावी आणि रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांसमोर न्यावे.

सावधान: सांधेदुखीच्या रुग्णाकडे मेथोट्रेक्सेट दिसले तर हातातले सर्व काम थांबवून आठवड्यातून किती वेळा घेतो हे विचारावे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्यास तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि रुग्ण दगावू शकतो. वार कोणता हे पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून द्यावे.

तपासणी: मागील वेळी किती गोळ्या दिल्या, किती दिवस झाले आणि किती उरल्या, हे मोजावे. साठ गोळ्या दिल्या, रोज दोन घ्यायच्या होत्या, अठ्ठावीस दिवस झाले आणि तीस उरल्या, तर छप्पनऐवजी तीसच गोळ्या घेतल्या गेल्या. या आकड्यावरून रागावू नये. ‘बऱ्याच जणांचे डोस चुकतात, तुमच्याकडून कोणत्या वेळचा जास्त राहतो?’ असे विचारल्यास खरे कारण कळते. बहुधा दुपारचा किंवा रात्रीचा डोस राहिलेला असतो, किंवा गोळ्या पुरवून पुरवून वापरलेल्या असतात.

टप्पा २: घेण्याची रीत डोळ्यांनी पाहावी

इन्सुलिन आणि दम्याचा पंप यांच्याबाबत तोंडी उत्तरावर विश्वास ठेवू नये. रुग्णाच्या हातात वस्तू द्यावी आणि ‘घरी जसे करता तसे करून दाखवा’ म्हणावे. मधे बोलू नये, चूक दिसली तरी शेवटपर्यंत पाहावे.

इन्सुलिनमध्ये सर्वात घातक चूक सिरिंजची असते. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि पेनच्या काडतुसातील १०० युनिटचे. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपण असते, शंभरच्या सिरिंजला नारिंगी. चाळीसच्या बाटलीतून शंभरच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध भरले तर शरीरात आठच युनिट जातात. उलट, शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले तर पन्नास युनिट जातात. म्हणून बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून दोन्हींवरचा आकडा रुग्णाला मोठ्याने वाचायला सांगावा.

त्यानंतर टोचण्याची जागा पाहावी. रोज एकाच ठिकाणी टोचल्याने तिथे चरबीची गाठ धरते आणि त्या गाठीत टोचलेले औषध कधी शोषले जाते, कधी नाही. बेंबीभोवती हात फिरवला की गाठ लागते. अनेक रुग्णांना तीच जागा आवडते, कारण तिथे दुखत नाही. जागा बदलायला सांगताना मात्र डॉक्टरांना आधी कळवावे, कारण चांगल्या त्वचेतून तेच औषध नीट शोषले जाऊन साखर एकदम उतरू शकते. ढगाळ दिसणारे इन्सुलिन टोचण्यापूर्वी तळहातांमध्ये हलकेच फिरवावे, जोरात हलवू नये. न उघडलेली बाटली फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. फ्रिज नसेल तर मातीच्या माठाशेजारी ओल्या वाळूत, डब्यात ठेवलेले इन्सुलिन बरेच सुरक्षित राहते. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी. चार आठवड्यांनंतर ती वापरू नये.

पंपाचे प्रकार दोन आणि त्यांची रीत एकमेकींच्या उलट. दाबून फवारा सोडायचा पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग पंप दाबताच सावकाश खोल श्वास घ्यायचा आणि दहा सेकंद रोखायचा. कॅप्सूल घालून ओढायच्या पंपाचा श्वास मात्र जोरात आणि वेगाने ओढायचा असतो. ती कॅप्सूल पाण्यासोबत गिळणारे रुग्ण प्रत्येक केंद्रात एक-दोन तरी असतातच, आणि त्यांच्या केसपेपरवर ‘दमा आटोक्यात नाही’ असे लिहून पुढचे औषध वाढवलेले असते. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, हे सांगायचे राहून गेले तर तोंडात पांढरा थर येतो आणि रुग्ण पंपच सोडून देतो.

टप्पा ३: मोजमापे आणि रिपोर्ट

रक्तदाब मोजण्याआधी रुग्ण पाच मिनिटे शांत बसलेला असावा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा मिश्री झालेली नसावी. मिश्रीबद्दल नाव घेऊन विचारावे लागते, कारण आजी तिला तंबाखूत मोजत नाहीत. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन वेळा मोजावे. वयस्क रुग्णाचा उभे केल्यानंतर एक आणि तीन मिनिटांनीही मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर येण्याचे कारण सापडले असे समजावे.

तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीचा, म्हणजे एचबीएवनसीचा आकडा बघताना हिमोग्लोबिनही पाहावे. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेल असलेल्या रुग्णांत हा आकडा फसवा निघतो. तीव्र रक्तक्षयातही तो भरवशाचा नसतो. तिथे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच धरावी.

आता मूत्रपिंड. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आजींच्या रिपोर्टवर १.४ आहे. आकड्यासमोर छोटासा बाण असतो आणि ‘थोडेसे वाढले आहे’ म्हणून कागदाची घडी घातली जाते. इथे गणित करावेच लागते. १४० मधून वय वजा केले की ७२ उरतात; त्याला ४८ किलो वजनाने गुणायचे, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचे आणि स्त्री असल्यामुळे ०.८५ ने गुणायचे. उत्तर, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, मिनिटाला सुमारे २९ मिलिलिटर येते. प्रयोगशाळा ज्या सूत्राने ईजीएफआर (याच क्षमतेचा अंदाज) छापते त्याने हाच आकडा ४१ च्या आसपास येतो. दोन्ही बरोबर आहेत, पण त्यांचा उपयोग वेगळा आहे. मेटफॉर्मिनचा निर्णय ईजीएफआरवर होतो: ४५ च्या खाली दिवसाला १००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि ३० च्या खाली बंद. प्रेगाबालिनचा डोस मात्र पहिल्या सूत्रावर ठरतो आणि ३० च्या खाली दिवसाला १५० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. आजी नेमक्या तेवढ्यावर आहेत. त्यांना दिवसा गुंगी येते का, तोल जातो का, हे विचारावे.

तपासणी: रिपोर्टची तारीख पाहिली का? जुन्या आकड्यावर आजचा डोस ठरवू नये. तीन-चार महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट असेल आणि मधल्या काळात नवीन गोळी सुरू झाली असेल, तर रक्त पुन्हा तपासायला सुचवावे.

टप्पा ४: यादी तपासण्याचा क्रम

आता कुठे यादीकडे वळायचे, आणि इथेही क्रम पाळायचा. औषधांच्या परस्परक्रिया सर्वात शेवटी पाहाव्यात, कारण आधीच्या पायऱ्यांत अर्धी औषधे कमी होण्याची शक्यता असते आणि त्यांच्यासोबत त्यांच्या परस्परक्रियाही जातात.

(१) प्रत्येक औषधाला कारण आहे का? कारण सापडत नसलेल्या औषधापुढे प्रश्नचिन्ह करावे. चार वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी दिलेली पित्ताची गोळी आजही रोज चालू असल्याचे नेहमी आढळते. मेटफॉर्मिनसोबत ती वर्षानुवर्षे घेतली तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होण्याचा धोका वाढतो, आणि मग हातापायांना येणाऱ्या मुंग्या मधुमेहाच्या खाती जमा होतात.

(२) प्रत्येक आजाराला औषध आहे का? हा प्रश्न उलट बाजूचा आहे आणि तो विसरला जातो.

(३) तेच औषध दोनदा जाते का? आजींच्या बाबतीत मेटफॉर्मिन आणि अम्लोडिपिन दोन्ही दोनदा आहेत.

(४) एखादे औषध दुसऱ्या औषधाचा त्रास झाकण्यासाठी दिलेले आहे का? ही पायरी सावकाश करावी. आजींचे पाय सुजले, कारण अम्लोडिपिन नकळत १० मिलिग्रॅम झाले. प्रेगाबालिननेही सूज येऊ शकते. सूज आली म्हणून फ्युरोसेमाइड सुरू झाले. अम्लोडिपिनच्या सुजेवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, पण शरीरातले पाणी आणि क्षार मात्र कमी होतात. याच धर्तीवर एनालाप्रिल किंवा रामिप्रिलने कोरडा खोकला येतो आणि रुग्ण महिनोन्महिने खोकल्याची बाटली पीत राहतो. नवीन त्रास सुरू झाला ती तारीख आणि नवीन औषध सुरू झाले ती तारीख एकाखाली एक लिहिली की हे कोडे बहुधा तिथेच सुटते.

(५) डोस मूत्रपिंडाला आणि वयाला झेपणारा आहे का?

(६) शेवटी परस्परक्रिया. ॲप पंचवीस इशारे देईल. त्यातले प्राथमिक केंद्रात खरोखर घात करणारे थोडे आहेत आणि ते पाठ असावेत. टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवीची गोळी आणि डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक ही तीन एकत्र आली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो, आणि आजींच्या पिशवीत तिन्ही आहेत. टेल्मिसार्टनसोबत स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम शरीरात राखणारी लघवीची गोळी) असेल किंवा रुग्ण ‘बीपीवाल्यांचे मीठ’ म्हणून पोटॅशियमचे मीठ वापरत असेल, तर पोटॅशियम वाढू शकते. क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिनमुळे साखरेच्या आणि रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांचा असर कमी होतो, आणि क्षयाचा कोर्स संपल्यानंतर तोच वाढवलेला डोस जास्त होतो. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रानोलॉल नको, कारण त्या गोळीने श्वासनलिका आकसतात. थायरॉइडच्या गोळीपासून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास दूर ठेवाव्यात. ती गोळी पाण्यासोबत उपाशीपोटी घ्यावी आणि चहा निदान अर्ध्या तासाने, ही साधी गोष्ट सांभाळल्यावर डोस वाढवण्याची गरज अनेकदा उरत नाही.

टप्पा ५: आधी डॉक्टर, मग रुग्ण

ही पायरी मी स्वतः सुरुवातीच्या काळात चुकलो आहे. एका काकूंच्या पिशवीत नको असलेली एक गोळी दिसली आणि डॉक्टरांशी बोलण्याआधीच मी त्यांना म्हणालो, ‘ही गोळी तुमच्या किडनीला चांगली नाही.’ काकूंनी मान हलवली आणि घरी गेल्या. महिन्याने आल्या तेव्हा रक्तदाब १९०/११० होता. ‘तुम्हीच म्हणालात ना, गोळ्या किडनीला वाईट,’ त्या म्हणाल्या. त्यांनी सगळ्याच गोळ्या बंद केल्या होत्या. त्या दिवसापासून, डॉक्टरांचा निर्णय हातात येईपर्यंत, कोणत्याही गोळीबद्दल मी रुग्णासमोर वाईट शब्द काढत नाही.

डॉक्टरांना द्यायची चिठ्ठी अर्ध्या पानाची असावी आणि तिच्यात काय आढळले, पुरावा काय, काय सुचवता आणि पुढे काय तपासायचे, एवढेच यावे. आजींची चिठ्ठी अशी होईल:

‘रुग्ण तीन दवाखान्यांतून औषधे घेतात. मेटफॉर्मिन एकूण २०००, अम्लोडिपिन एकूण १०. क्रिएटिनिन १.४, ईजीएफआर सुमारे ४१. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, सोबत टेल्मिसार्टन आणि फ्युरोसेमाइड. पायांना सूज. सूचना: डायक्लोफेनॅक बंद करून पॅरासिटामॉलचा विचार व्हावा; मेटफॉर्मिन आणि अम्लोडिपिनची दुहेरी पाकिटे थांबवावीत; सूज उतरल्यास फ्युरोसेमाइडची गरज पुन्हा पाहावी. ग्लिमेपिराइडमुळे साखर उतरते का ते विचारले असता पहाटे घाम येतो असे सांगतात. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे, ही विनंती.’

चिठ्ठीत दुसऱ्या डॉक्टरांवर ठपका येईल असा शब्द नको. खासगी डॉक्टरांना सरकारी गोळ्यांची माहितीच नसते. रुग्णाने सांगितलेली नसते. रुग्णाच्या संमतीने त्यांनाही एकत्रित यादी पाठवावी. सर्व सूचना एकाच दिवशी अमलात आणण्याचा आग्रह धरू नये. दुहेरी औषध आणि डायक्लोफेनॅक थांबवणे त्याच दिवशी होऊ शकते. बाकीचे बदल एकेक करावेत, म्हणजे कशाने काय झाले हे कळते.

सावधान: ब्रँड बदलून देणे हाही बदलच आहे. १९४५ च्या औषध नियमांनुसार शेड्यूल एच मधील (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या) औषधाच्या जागी दुसरे उत्पादन, घटक तोच असला तरी, परस्पर देता येत नाही. केंद्रात पाकिटाचा रंग किंवा कंपनी बदलली तर रुग्णाला तोंडी सांगावे; नाहीतर तो जुनी गोळी आणि नवी गोळी दोन्ही घेतो.

टप्पा ६: रुग्णाला एका कागदावर आणि त्याच्या दिवसाप्रमाणे

जुनी पाकिटे परत देताना बंद झालेली वेगळी काढावीत आणि रुग्णाच्या किंवा नातेवाइकाच्या संमतीने त्यांवर फुली मारावी. चालू औषधांची यादी सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण, झोपताना अशा चार रकान्यांत लिहावी. वाचता येत नसेल तर सूर्य, भाकरी, चंद्र अशी चित्रे काढावीत आणि गोळी चिकटपट्टीने कागदावरच लावून द्यावी. शेवटी ‘समजले का?’ असे विचारू नये. ‘आजी, उद्या सकाळी कोणत्या गोळ्या घ्याल ते मला दाखवा,’ असे म्हणावे. दोनदा चुकले तर कागद चुकला आहे, आजी नाहीत.

यानंतर चार प्रसंगांचे बोलणे आवर्जून व्हावे.

साखर उतरणे. घाम, थरथर, भूक, गोंधळल्यासारखे वाटणे. साखर ७० च्या खाली असेल, किंवा मोजता येत नसेल आणि लक्षणे असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटले की काहीतरी खावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नये; १०८ ला फोन करावा. हे घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगावे, कारण साखर उतरलेल्याला स्वतःला सुचत नाही.

उपवास. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, रमजान यांची तारीख आधी विचारावी. काही जण उपवासाच्या दिवशी सगळ्या गोळ्या सोडतात, तर काही ग्लिमेपिराइड घेऊन नुसत्या चहावर राहतात. दुसरे अधिक धोक्याचे आहे. उपवास करू नका असे सांगून प्रश्न सुटत नाही. त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

उलट्या-जुलाब. शरीरातले पाणी कमी झालेले असताना मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी मधुमेहाची गोळी), टेल्मिसार्टनसारखी आणि लघवीची गोळी मूत्रपिंडाला इजा करू शकतात किंवा रक्तातील आम्ल वाढवू शकतात. अशा दिवशी रुग्णाने थांबून न राहता केंद्रात फोन करावा. इन्सुलिन मात्र स्वतःहून पूर्ण बंद करायचे नसते.

गाव सोडून जाणे. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे पाच-सहा महिने परततच नाहीत, आणि आषाढी वारीला जाणारे तीन आठवडे पायी असतात. जाण्याची तारीख विचारून तेवढ्या दिवसांची औषधे आणि वर आठवडाभराची शिल्लक डॉक्टरांच्या संमतीने द्यावी. ऊसतोडीला जाणाऱ्यांना कारखान्याजवळचे आरोग्य केंद्र कोणते ते कागदावर लिहून द्यावे. इन्सुलिन घेऊन वारीला जाणाऱ्याने ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात, स्वतःजवळच्या पिशवीत ठेवावे, ट्रकवर टाकलेल्या सामानात नाही.

टप्पा ७: नोंद आणि फेरभेट

डॉक्टरांना कोणती सूचना केली, त्यांनी कोणती मान्य केली, कोणती केली नाही आणि का, हे केसपेपरवर तारखेसह लिहावे. अमान्य झालेल्या सूचनेची नोंदही तितकीच गरजेची आहे, नाहीतर तीन महिन्यांनी तोच वाद पुन्हा होतो. औषधाचा त्रास झाल्याचा संशय असेल तर भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाकडे कळवावे. खात्री असण्याची गरज नाही, संशय पुरेसा आहे. त्यासाठीचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ हा आहे.

पहिला फोन सात दिवसांत करावा आणि तो दोन मिनिटांचा असावा: नवीन कागदाप्रमाणे गोळ्या चालू आहेत का, चक्कर येते का, सूज कशी आहे. दोन आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट हातात आला की तो जुन्या रिपोर्टशेजारी ठेवून पाहावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांपुढे न्यावा. महिन्याच्या भेटीला आजी आल्या की मागच्या वेळचा कागद मागावा, आणि त्याआधी पिशवी पुन्हा एकदा टेबलावर रिकामी करावी. फुली मारलेले डायक्लोफेनॅकचे पाकीट तिच्यात नसेल. दुसऱ्या कंपनीचे, दुसऱ्या नावाचे असण्याची शक्यता असते.